इंग्रजीत 'जो-तो' नको!

इंटरव्ह्यूची तयारी करताय? मग ही एक सवय तपासून बघा. मराठीत आपण म्हणतो, 'जो प्रोजेक्ट मी केला, तो शेतीवर होता.' हेच डोक्यात ठेवून इंग्रजी बोललं, की 'विच प्रोजेक्ट आय डिड, दॅट वॉज ऑन फार्मिंग' असं तोंडातून जातं. इथेच गडबड होते. इंग्रजीत आधी नाम, लगेच त्याची माहिती आणि 'तो'ला चक्क सुट्टी: 'द प्रोजेक्ट दॅट आय डिड वॉज ऑन फार्मिंग.' 'दॅट आय डिड इट' असंही नको. 'इट'चं काम 'दॅट'नं आधीच केलंय. माणसांसाठी 'हू' वापरा: 'द टीचर हू गाइडेड मी.'

लिहिताना स्वल्पविराम सांभाळा. 'माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे' म्हणजे अनेक भावांपैकी पुण्यात राहणारा. भाऊ एकच असेल, तर 'माय ब्रदर, हू लिव्ज इन पुणे,' असं दोन्हीकडे स्वल्पविराम देऊन लिहा. अशा जास्तीच्या माहितीत 'दॅट' चालत नाही.

आज स्वतःबद्दल पाच 'जो-तो' वाक्यं मराठीत लिहा, ती इंग्रजीत करा आणि मोठ्यानं वाचा. इंटरव्ह्यूत तीच कामाला येतील!