पावसाळी दरी आणि चाकांवरचे घर
अमेरिकेतील ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवरची कोलंबिया नदीची दरी पावसातच पाहावी, कारण प्रशांत महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे कॅस्केड पर्वतरांग चढताना थंड होतात आणि हिवाळ्यात झड लागली की तेथील धबधबे धो धो कोसळतात. त्यांपैकी मल्टनोमा सुमारे १८९ मीटर उंच आहे. हिमयुगाच्या अखेरच्या महापुरांनी दरीच्या भिंती तासल्या, त्यामुळे ओढे कड्यावर अधांतरी राहिले, आणि तो कडा सह्याद्रीप्रमाणेच बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे.

अशा हवेत व्हॅनमध्येच बिछाना आणि शेगडी मांडून हिंडणाऱ्यांची खरी कसोटी पावसापेक्षा आतील दमटपणा पाहतो, कारण श्वासातील, ओल्या कपड्यांतील आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारी वाफ थंड पत्र्यावर दवासारखी साचते व गादीखाली बुरशी धरते. म्हणून गारठा सोसूनही छताचा झरोका किलकिला ठेवावाच लागतो.

दरीतील पायवाटांवर अधिक सावधपणा हवा. येथील २०१७ च्या ईगल क्रीक वणव्यात झाडे जळून उतारांवरची माती धरून ठेवणारी मुळे गेली, त्यामुळे मुसळधार पावसात तेथे दरडी आणि चिखलाचे लोंढे येऊ शकतात, आणि अशा वेळी बंद केलेल्या वाटेवर जाणे हे धाडस नसून बेपर्वाई आहे.