‘पाणी’ येतं, पण मागता येत नाही

मूल पहिला शब्द बोललं की आपण शेजारीपाजारी सांगत सुटतो. तो शब्द त्याच्या कामाला येतो का, हे कोणी विचारत नाही. जुईनगरच्या आमच्या इमारतीत सहा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा आहे. चित्रातला पेला दाखवला की तो स्पष्ट म्हणतो, ‘पाणी’. तहान लागली की मात्र ओट्यापाशी रडतो, भिंतीवर कपाळ आपटतो. “शब्द येतो, मग मागत का नाही हो?” त्याच्या आजींनी मला विचारलं.

आमच्या बँकेत शिल्लक असली की काढता येते. भाषेचा हिशेब निराळा. बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली ‘व्हर्बल बिहेविअर’मध्ये तो मांडला. वस्तूचं नाव सांगणं आणि ती मागणं ही दोन वेगळी वर्तनं. नाव सांगितल्यावर शाबासकी मिळते, मागितल्यावर पाणी. एक आलं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी या ग्रंथाची सालटी काढली. लेखक म्हणून मला चॉम्स्की पटतात, पण या मुलाच्या आईला उपयोगी पडले ते स्किनर.

ती तहानेची वेळ हेरते. मुलाने तिचा हात ओढला की ती म्हणते, “पाणी”. त्याने तसं म्हटलं की लगेच दोन घोट. बक्षीस म्हणून चॉकलेट नाही, पाणी मागितलं तर पाणीच. काही दिवसांनी ती नुसतं “पा...” म्हणते, मग नुसती थांबते. तहानलेल्याला ताटकळत ठेवणं मात्र तिच्या शिकवण्यात बसत नाही. ज्याला बोलणं जमत नाही, त्याने चित्र हातात द्यावं, खूण करावी.

“तुला पाणी हवंय का?” असं ती विचारत नाही. कारण मग तहान लागल्यावर तो तेच वाक्य परत म्हणतो. सर्वनामांची ही उलटापालट लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच नोंदली होती.

आणि ते कपाळ आपटणं? त्यामागेही बहुधा मागणीच असते. ती नीट करायला शिकवली की आपटणं कमी होतं, हे एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ मध्ये दाखवलं.

या शास्त्राचा इतिहास निर्मळ नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत ईवार लोवास यांच्या प्रयोगांत मुलांना विजेचे झटकेही दिले गेले. मोठी झालेली स्वमग्न माणसं आज जाब विचारतात, तो रास्तच आहे. म्हणून ‘पाणी’नंतरचा शब्द कोणता, हा प्रश्न मला मोठा वाटतो. आजींना ‘नमस्कार’ हवा होता. आईने ‘नको’ निवडला, आणि तो म्हणाला की समोरची वाटी उचलायची, हे घरात सगळ्यांना बजावलं.

दोन स्टेशनांवर वाशीला महापालिकेचं ई.टी.सी. केंद्र आहे. पण केंद्रातला तास संपतो, तहान घरी लागते.

आता ‘दुखतंय’ शिकवायचं आहे, आणि ते फार कठीण. पाणी दाखवता येतं, पोटदुखी दाखवता येत नाही. तो पोट धरून वाकला की आई तिथेच, त्याच क्षणी तो शब्द म्हणते. अजून त्याने तो उचललेला नाही.