वाहनचालन-प्रशिक्षक संघटना

वाहनचालन-प्रशिक्षक संघटना : मोबदला घेऊन मोटारगाडी चालविण्यास शिकविणाऱ्या प्रशिक्षकांनी व्यवसायाचा दर्जा राखण्यासाठी व मार्गसुरक्षा वाढविण्यासाठी स्थापन केलेली संस्था. अशा संघटनांची वाटचाल ग्रेट ब्रिटनमध्ये विशेष स्पष्टपणे आढळते.

ब्रिटनमध्ये १९३४ साली रस्त्यांवरील अपघातांत ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी तेथे वाहने सुमारे २४ लाखच होती. त्याच वर्षीच्या मार्गवाहतूक अधिनियमानुसार १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. मात्र शिकविणाऱ्याची पात्रता कायद्याने ठरविलेली नव्हती. ‘मोटर स्कूल्स असोसिएशन’ ही प्रशिक्षकांची संघटना १९३५ मध्येच स्थापन झाली. प्रशिक्षकांची शासकीय नोंदणी १९६४ मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू होऊन १९७० मध्ये सक्तीची झाली. नोंदणीसाठी आज सैद्धांतिक ज्ञान, चालनकौशल्य व अध्यापनक्षमता अशा तीन परीक्षा द्याव्या लागतात.

बहुसंख्य प्रशिक्षक स्वतंत्रपणे व्यवसाय करतात. गाडीत त्यांच्यासोबत बहुधा एकटा विद्यार्थीच असल्याने अध्यापनातील दोष इतरांच्या दृष्टीस पडत नाहीत. शिवाय विद्यार्थ्यास थोड्या खर्चात परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे असते. केवळ परीक्षेपुरते शिकविणाऱ्याकडे विद्यार्थी वळू लागले, तर कसून शिकविणाऱ्याचे नुकसान होते. समान आचारसंहिता, परस्परांच्या पाठांचे निरीक्षण, उजळणी वर्ग व परीक्षापद्धतीविषयी शासनाशी विचारविनिमय हे या अडचणीवरील संघटित उपाय होत.

परीक्षेचा रोखही हळूहळू बदलत गेला. सैद्धांतिक परीक्षा १९९६ मध्ये, तर संभाव्य धोका वेळीच ओळखण्याची कसोटी २००२ मध्ये सुरू झाली. परीक्षकाने पदोपदी सूचना न देता उमेदवाराने स्वतःच्या निर्णयाने गाडी चालविण्याचा अवधी २०१७ मध्ये सुमारे २० मिनिटे करण्यात आला. त्यामुळे यंत्रावरील ताब्याबरोबर निर्णयशक्ती घडविणे हेही प्रशिक्षकाचे काम ठरले.

ब्रिटनमध्ये २०२३ साली १,६२४ जणांचा अपघाती मृत्यू झाला, तर वाहनांची संख्या सुमारे ४ कोटी होती. आसनपट्टे, मद्यपानविषयक कायदे, रस्ते, वाहनांची रचना व वैद्यकीय उपचार यांतील सुधारणाही या घटीस कारणीभूत असल्याने प्रशिक्षणाचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे.

भारतात मोटारवाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय नियम, १९८९ यांनुसार प्रशिक्षण संस्थेस परवाना घ्यावा लागतो. प्रशिक्षकास शिक्षण व अनुभवाच्या अटी असून शिकविण्याच्या मोटारगाडीस दुहेरी नियंत्रण आवश्यक असते. तथापि नियमांनी पात्रतेची किमान मर्यादाच ठरते. तिच्या वरचा दर्जा प्रशिक्षकांच्या परस्पर सहकार्यावर अवलंबून राहतो.