लंडनचा प्रवास अमडापूरच्या स्टँडवरूनच सुरू होतो

अमडापूरहून लंडनला निघालेल्या माणसाला विचारले की प्रवास किती तासांचा, तर उत्तर येते, ‘मुंबईहून नऊ-दहा तास.’ तिकिटावर तेवढेच छापलेले असते. पायांचा हिशेब मात्र वेगळा असतो. अमडापूरहून चिखली, चिखलीहून ट्रॅव्हल्सची रात्रभराची बस, विमानतळावर तीन तास आधी पोहोचून खुर्चीत काढलेला वेळ, मग विमान आणि उतरल्यावर मुलाच्या घरापर्यंत पुन्हा गाडी. मधल्या रांगा सोडल्या तर दिवस-रात्र मिळून अठरा-वीस तास गुडघे वाकवून बसणे होते. विमानात पाय मोकळे करा हा सल्ला आता बहुतेकांनी ऐकलेला आहे. बसमध्ये तो कोणी पाळत नाही.

चिखली तालुक्यातली मुले पुण्यात शिकतात, कंपनी त्यांना लंडनला पाठवते आणि एखाद्या मे महिन्यात साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना बोलावणे येते. बिग बेन, टॉवर ब्रिज, राजाचा राजवाडा आणि किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणासाठी १९२१-२२ मध्ये तिथे राहिले होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतले. विदर्भातून गेलेली पुष्कळ माणसे तिथे माथा टेकवून येतात. पण मृग लागायच्या आत परतायचे असते, पेरणी थांबत नाही. म्हणून सहल पाच-सहा दिवसांची. नेमकी हीच गोष्ट शरीराला महागात पडू शकते, कारण दोन लांबलचक बैठका एकाच आठवड्यात येतात.

बसून राहिल्याने जीव जाऊ शकतो, हे ठळकपणे दिसले ते लंडनमध्येच. १९४० मध्ये जर्मन विमानांचे बॉम्बहल्ले सुरू झाले आणि हजारो लोक रात्र-रात्र तळघरांत आणि निवाऱ्यांत बसून काढू लागले. कीथ सिम्पसन या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आले की फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गाठ अडकून होणारे मृत्यू आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे सहा पटींनी वाढले आहेत. बॉम्ब न लागलेली ही माणसे निवाऱ्यातून उठता उठता कोसळत होती. त्यांतले बहुतेक जण कापडी आरामखुर्चीत झोपलेले होते. त्या खुर्चीची लाकडी पट्टी मांडीच्या मागच्या बाजूला रुतत असे. सिम्पसन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे लिहिले आणि निवाऱ्यांत आडवे झोपण्यासाठी फळ्या बसवण्याचा आग्रह धरला.

कारण साधे आहे. हृदय रक्त खाली ढकलते. वर आणण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते आणि शिरांतले रक्त वर सरकते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांत झडपा असतात. माणूस बसून राहिला की हा पंप बंद. रक्त साचते, घट्ट होते आणि आतल्या खोल शिरेत गाठ धरते. गाठ जागीच राहिली तर पाय सुजतो. तिचा तुकडा सुटून हृदयावाटे फुप्फुसात गेला तर श्वास कोंडतो, कधीकधी काही मिनिटांत सारे संपते.

जागतिक आरोग्य संघटनेने यावर मोठा अभ्यास करवून घेतला, त्याचा अहवाल २००७ मध्ये आला. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केला तर गाठ होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. मग ते विमान असो, रेल्वे, बस की मोटार. थोड्या दिवसांत अनेक लांबचे प्रवास केले तर ती आणखी वाढते. आकडा घाबरवणारा नाही. निरोगी माणसांत सुमारे ६,००० प्रवाशांमागे एक. ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ या नावाने मात्र नुकसानच केले; दोष विमानाच्या स्वस्त खुर्चीचा वाटू लागला आणि ट्रॅव्हल्सची बस नामानिराळी राहिली.

या संशोधनातली एक बाब आपल्याकडच्या बायकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. विमानप्रवासात फार उंच माणसांना धोका जास्त, तसाच १६० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सव्वापाच फुटांपेक्षा, बुटक्या माणसांनाही. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि खुर्चीची कड गुडघ्यामागे दाबत राहते. सिम्पसन यांच्या आरामखुर्चीतली तीच पट्टी. पायाखाली हातातली पिशवी घेतली तरी दाब कमी होतो. खिडकीची जागा हौसेने मागितली जाते, पण शेजारच्या दोघांना उठवायचा संकोच वाटतो म्हणून माणूस रात्रभर हलत नाही. कडेची जागा बरी. दर तास-दीड तासाने उठावे, बसल्याजागी पंजे वर-खाली करावेत. बस ढाब्यावर थांबली की झोप मोडली तरी उतरावे. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही टाळावी.

पूर्वी पायात गाठ झालेली असेल, नुकतीच गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, गरोदरपण असेल, तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. अशा काहींना पायाच्या मापाचे, गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे लागतात, काहींना इंजेक्शन. मनाने ॲस्पिरिन घेऊन निघणे हा त्यावरचा उपाय नाही.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळीबद्दल फारसे बोलले जात नाही. देवदर्शन असो की परदेश, सूनबाई मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणते. त्यांतले नॉरएथिस्टेरॉन हे औषध शरीरात काही अंशी इस्ट्रोजेनमध्ये बदलते आणि इस्ट्रोजेन रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. त्यात वीस तासांची बैठक, वजन जास्त आणि पाणी कमी. गोळी घेऊच नये असे नाही, पण डॉक्टरांना विचारून घ्यावी.

पाणी कमी पिण्याचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. बसमध्ये सोय नाही, विमानात रांग, परक्या शहरात कुठे विचारणार? लंडनपुरते सांगायचे तर ब्रिटिश म्युझियमसारख्या मोठ्या संग्रहालयांत प्रवेशही फुकट आणि स्वच्छतागृहही. मोठ्या रेल्वे स्थानकांवरचे शुल्क २०१९ मध्ये बंद झाले. नळाचे पाणी बेलाशक प्यावे. याच शहरात १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाच्या पाण्याने दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे कॉलऱ्याने गेली होती. जॉन स्नो या डॉक्टरने नकाशावर मृत्यू मांडून तो पंप पकडला. त्या जागी आज पंपाची प्रतिकृती उभी आहे. वाटेत असेल तर जरूर पाहावी.

मधल्या दिवसांत पायांवर उलटीच वेळ येते. बसून आखडलेले पाय दुसऱ्याच दिवशी दहा-पंधरा हजार पावले चालतात. सेंट पॉल चर्चच्या शिखराला ५२८ पायऱ्या आहेत, भुयारी रेल्वेच्या सगळ्या स्थानकांवर लिफ्ट नाही. शेगावची पायी वारी करणारा माणूस कधी नवी चप्पल घालून निघत नाही. लंडनला जाताना मात्र तोच आदल्या आठवड्यात घेतलेले कोरे बूट चढवतो. मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली असेल तर फोड आलेला कळतही नाही. बूट महिनाभर आधी घ्यावेत, गावातच चालून मळवावेत आणि तिथे रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत.

इन्शुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून जाताना दिवस साडेअठ्ठावीस तासांचा आणि येताना साडेएकोणीस तासांचा होतो. परतीच्या छोट्या दिवसात दोन डोस जवळ येऊन साखर एकदम उतरू शकते. वेळा आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात, औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठी सोबत ठेवावी. प्रवास विमा काढल्याशिवाय जाऊ नये. तिथे आपत्कालीन कक्षातली तपासणी फुकट असली तरी दाखल करून घेतल्यावर पाहुण्यांना मोठे बिल येते. रुग्णवाहिकेसाठी ९९९.

खरी गफलत होते ती घरी परतल्यावर. गाठीचा धोका विमानातून उतरल्याबरोबर संपत नाही, सुमारे चार आठवडे राहतो. तोवर मृग लागलेला असतो. माणूस वावरात राबू लागतो आणि एक दिवस पोटरी दुखते. घरचे म्हणतात, नस चढली, कामाने पाय भरून आला. तेल गरम होते आणि कोणीतरी जोर लावून पोटरी चोळू लागते. आत गाठ असेल तर तिचा तुकडा सुटायला हे चोळणे पुरेसे ठरू शकते.

नस चढते ती दोन्ही पायांत कधीही, आणि काही मिनिटांत उतरते. गाठीचे दुखणे बहुधा एकाच पायाला असते, दिवसागणिक वाढते, पोटरी गरम लागते, नडगीवर बोट दाबले तर खळगा राहतो. शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजाव्यात. तीन सेंटिमीटरहून अधिक फरक असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फरक कमी आहे म्हणून निश्चिंतही राहू नये. सोबत धाप, श्वास घेताना छातीत कळ किंवा थुंकीत रक्त असेल तर १०८ ला फोन करावा.

दवाखान्यात गेल्यावर ‘महिन्याभरात लंडनला जाऊन आलो’ हे आपणहून सांगावे. चिखलाने भरलेले पाय घेऊन आलेल्या शेतकऱ्याला विमानप्रवासाविषयी विचारावे, हे ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरला सुचेलच असे नाही. पायाच्या डॉपलर सोनोग्राफीत गाठ बहुतेक वेळा दिसते. उपचार म्हणजे रक्त पातळ करणारी औषधे, साधारण तीन महिने तरी. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नयेत. त्या काळात अंग दुखले तरी मेडिकलमधून वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नये, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. निंदताना विळा-खुरपे लागले तर रक्त थांबायला वेळ लागेल. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे आणि दहा मिनिटांनीही थांबले नाही तर दवाखान्यात यावे.