विश्लेषण : चोरीचा माल सापडला, एवढ्यावर शिक्षा टिकते का?

सेकंडहँड मोबाइल घेतला. काही दिवसांनी पोलीस दारात आले आणि फोन चोरीचा असल्याचं कळलं. अशा प्रकरणात खालच्या कोर्टाने शिक्षा सुनावली, तर अपिलात नेमकं काय तपासलं जातं?

कायदा काय सांगतो?

भारतीय दंड संहितेच्या कलम 411 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 317(2) ने घेतली. शिक्षा तीच आहे : 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

पण नुसता माल सापडणं म्हणजे गुन्हा नाही. माल आरोपीच्या ताब्यात होता, त्याआधी तो दुसऱ्या कोणाकडे होता आणि तो चोरीचा आहे हे आरोपीला माहीत होतं किंवा तसं वाटायला सबळ कारण होतं, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. 2022 मध्येही सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला चोरीची माहिती होती हे सिद्ध होणं आवश्यक असल्याचं सांगत एकाची शिक्षा रद्द केली.

'ताबा' कशाला म्हणायचं?

मध्य प्रदेशातलं 1950 च्या दशकातलं एक अपील आजही कोर्टात दाखवलं जातं. आरोपीने दाखवलेल्या शेतातून दागिने जप्त झाले होते. पण ते शेत उघडं होतं, तिथे कोणीही येऊ-जाऊ शकत होतं. दागिने दुसऱ्या कोणीतरी ठेवले असण्याची शक्यता उरते, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. वस्तू कुठे आहे हे माहीत असणं आणि ती ताब्यात असणं यात फरक आहे.

मग आरोपीवर काहीच जबाबदारी नाही?

आहे. चोरीनंतर लगेचच माल कोणाकडे सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तो चोर आहे किंवा त्याने जाणूनबुजून चोरीचा माल घेतला, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. 'शकतं', धरलंच पाहिजे असं नाही. चोरी आणि जप्ती यात जितका काळ जातो, तितकं हे गृहीतक कमकुवत होतं. त्यामुळे पावती, विक्रेत्याचे मेसेज किंवा ऑनलाइन पेमेंटची नोंद महत्त्वाची ठरते. मात्र प्रामाणिकपणे घेतलेला मालही मूळ मालकाकडे परत जाऊ शकतो. पैशांसाठी विक्रेत्यालाच गाठावं लागतं.

अपील कुठे करायचं?

न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली असेल, तर सत्र न्यायालयात 30 दिवसांच्या आत. अपील प्रलंबित असताना शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो. सत्र न्यायालय पुरावा नव्याने तपासतं : पंच साक्षीत फिरले का, पंचनाम्यातलं वर्णन आणि मुद्देमाल जुळतो का, मालकाने वस्तू खात्रीने ओळखली का. आयएमईआय क्रमांक असलेला फोन ओळखणं सोपं असतं. तशी खूण नसलेल्या साध्या साखळीबाबत मात्र शंका उरू शकते आणि वाजवी शंकेचा फायदा आरोपीलाच मिळतो.