शेकोटी हवी, पण शेतात

डिसेंबर लागला की अमरावतीच्या राजापेठेतून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याकडे निघणाऱ्या गाड्यांत तंबू आणि लाकडं दिसू लागतात. सुमारे ११०० मीटर उंचीवर रात्र काढायची तर जाळ हवाच, अशी समजूत. जाळाभोवती गप्पा रंगतात हे खरंच, पण त्याची ऊब फार तोकडी असते. तापलेली हवा वर निघून जाते. आपल्यापर्यंत पोचतात ते जाळाचे सरळ येणारे उष्ण किरण. म्हणून गुडघे भाजतात आणि पाठ काकडते. झोपल्यावर अंगातली ऊब खालची जमीन ओढून घेते, तेव्हा शेकोटीपेक्षा पाठीखालची जाड सतरंजी कामी येते. धूर नेमका आपल्याच तोंडावर येतो, ही तक्रारही अगदी खोटी नाही. बसलेल्या माणसाच्या अंगानं हवा अडते आणि त्या आडोशाकडे धूर वळतो. लाकूड ओलं असेल तर विचारायलाच नको. थंडीला कंटाळून निखाऱ्यांची शेगडी तंबूत नेणं मात्र जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

मग शेकोटीचं सुख आहे कशात? वऱ्हाडानं याचं उत्तर रोडग्यांत शोधलेलं आहे. शेतात गोवऱ्या पेटवायच्या, जाळ ओसरून निखारे होईपर्यंत थांबायचं, मग त्यात कणकेचे गोळे भाजायचे आणि राख झटकून ते तुपासोबत, वांग्याच्या भाजीसोबत खायचे. ओल्या हरभऱ्याचा हुळा किंवा ज्वारीचा हुरडा याच जातीचा. (कपाशी-सोयाबीननं ज्वारी मागे सारली, त्यामुळे हुरडा आता बराचसा तिकीट काढून खायचा झाला, ही वेगळी रड.) या विस्तवाला काम असतं, म्हणून तो लहान राहतो. कोणी कणीक मळतो, कोणी निखारे सारतो, आणि गप्पा त्या कामातूनच निघतात. नुसत्या शोभेच्या जाळाला मात्र सतत लाकूड लागतं, आणि बसलेल्यांना करण्यासारखं काही उरत नाही.

जंगलात हा शोभेचा जाळ परवडत नाही. चिखलदऱ्याभोवतीचं मेळघाट हे सागाचं पानगळीचं रान आहे. हिवाळा सरता सरता जमिनीवर वाळल्या पानांचा थर साचतो आणि एक ठिणगी पुरते. वनविभाग जाळरेषा काढून ठेवतो, पण वाऱ्यावर उडालेली ठिणगी त्या ओलांडू शकते. राखीव जंगलात विस्तव पेटवण्यावर १९२७ च्या वन कायद्यातच बंधनं आहेत. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव करायला १९७२ चा वन्यजीव कायदा मनाई करतो. यावर कोणी म्हणेल, डिसेंबरात दवानं रान ओलं असतं. ते सकाळपुरतं, शिवाय राखेखाली दडलेला निखारा कित्येक तास धगधगत राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यातूनही वणवे लागतात, मग बोट पर्यटकावरच का? तो धोका खराच आहे आणि त्यावर वेगळे उपाय हवेत. पण मोहावर एखाद्या घराची मिळकत असते, शेकोटीवर कोणाचीच नाही. टाळता येण्यासारखी आग आधी टाळावी. चिखलदऱ्याला जरूर जा, रात्री आभाळ बघा, जाड पांघरूण न्या. विस्तवाची हौस मात्र ओळखीच्या शेतात, धुऱ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून दूर भागवा, आणि उठताना निखाऱ्यांवर पाणी ओतून राख हातानं चाचपून बघा.