कृषी महाविद्यालयाचे नेतृत्व आणि प्रशासन : पुणे, दापोली, कर्जत आणि वांगणीचा शेतकरी

प्रस्तावना

उपनगरी रेल्वेने कर्जतच्या दिशेने जाताना बदलापूर मागे पडले की वांगणी येते. या मार्गावरील ठाणे जिल्ह्याचे हे शेवटचे स्थानक होय. शेलूपासून रायगड जिल्हा सुरू होतो आणि नेरळ, भिवपुरी रोड ओलांडून कर्जत येते. तेथे १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. म्हणजे वांगणी परिसरातील भातउत्पादकास राज्यातील एक जुने संशोधन केंद्र चार स्थानकांच्या अंतरावर उपलब्ध आहे. तथापि त्याचे तालुका कृषी अधिकारी कार्यालय अंबरनाथचे, त्याचा जिल्हा ठाणे, कर्जतचे केंद्र रायगड जिल्ह्यात आणि हे केंद्र ज्या विद्यापीठाचे आहे ते रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीस. एकाच भातशेतीशी संबंधित असलेले अध्यापन, संशोधन व विस्तार अशा तीन दिशांना का विभागले गेले आणि त्यामुळे कृषी महाविद्यालयाच्या प्रमुखाच्या वाट्यास नेमके कोणते अधिकार उरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुण्याचे कृषी महाविद्यालय आणि डॉ. मॅन

पुण्यात शेतकीचे वर्ग १८७९ मध्ये सायन्स कॉलेजास जोडून सुरू झाले. स्वतंत्र कृषी महाविद्यालयाची स्थापना १९०७ ची. त्याच वर्षी हॅरॉल्ड मॅन हे रसायनशास्त्रज्ञ प्राचार्य म्हणून आले. त्यापूर्वी ते भारतीय चहा संघटनेचे वैज्ञानिक अधिकारी होते, म्हणजे दख्खनची जमीन त्यांना नवीनच होती. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक स्मरणात राहिलेले कार्य प्रयोगशाळेतील नाही. पुण्यालगतच्या पिंपळे सौदागर या गावाची सर्वांगीण पाहणी त्यांनी आपल्या अध्यापकांच्या साहाय्याने केली आणि ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये या गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हा त्यातील निष्कर्ष आजही कृषी अर्थशास्त्राच्या वर्गात सांगितला जातो.

प्रशासनाच्या दृष्टीने या निष्कर्षाइतकीच ही पाहणी करण्याची पद्धतही लक्षणीय आहे. मृदा, पाणी, पिके, कर्ज, कुटुंबाचा जमाखर्च अशा परस्परभिन्न विषयांचे अध्यापक एकाच गावावर काम करीत होते. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे आदी सहकाऱ्यांची नावे ग्रंथावर छापली गेली. जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा दुसरा अभ्यास १९२१ मध्ये आला, तेव्हा ना. वि. कानिटकर सहलेखक होते. वसाहतकालीन खात्यात युरोपीय प्रमुखाने एतद्देशीय सहकाऱ्याचे नाव आपल्या नावाशेजारी छापणे ही काही नित्याची बाब नव्हती. पुढे ताम्हणे यांनी १९२३ मध्ये मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू केले आणि १९३३ पासून सोलापूर केंद्रात ते कानिटकरांच्या हातून विस्तारले. महाविद्यालयाच्या प्रमुखाने जोडीदार कसे घडवले, याचे मोजमाप बहुधा त्याच्या निवृत्तीनंतरच करता येते.

अर्थात मॅन यांचा गौरव करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. महाविद्यालय, प्रायोगिक प्रक्षेत्रे व जिल्ह्यातील शेतकी अधिकारी हे सारे त्या काळी एकाच शेतकी खात्याचे भाग होते आणि मॅन स्वतः पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले. १९२७ पर्यंत ते त्या पदावर होते. प्राचार्याने मांडलेला प्रश्न प्रक्षेत्रापर्यंत आणि तेथून गावापर्यंत नेण्यास दुसऱ्या कुणाची संमती लागत नव्हती. यात व्यक्तीचे श्रेय किती आणि रचनेचे किती, हे वेगळे करणे सोपे नाही. रचनेचा वाटा सामान्यतः समजला जातो त्याहून मोठा असावा.

विद्यापीठांची स्थापना आणि अपुरे अनुकरण

राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्रात राहुरी १९६८, अकोला १९६९ आणि दापोली व परभणी १९७२ असा क्रम आहे. पुण्याचे महाविद्यालय राहुरीकडे गेले. दापोलीचे महाविद्यालय १९६५ चे, म्हणजे विद्यापीठाहून सात वर्षांनी वडील. चारही विद्यापीठांसाठीचा सध्याचा कायदा १९८३ चा आहे.

या सर्वांपुढे आदर्श अमेरिकेतील भूदान महाविद्यालयांचा होता. तेथे १८६२ च्या कायद्याने अध्यापन, १८८७ च्या कायद्याने संशोधन केंद्रे आणि १९१४ च्या कायद्याने विस्तारकार्य एकाच संस्थेच्या आश्रयास आणले. येथे पहिल्या दोन बाबी विद्यापीठास मिळाल्या, मात्र विस्ताराची गावपातळीवरील यंत्रणा राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिली. विद्यापीठाकडे विस्तार शिक्षण संचालक आहेत, परंतु गावपातळीवरील कृषी कर्मचारी नाही. वांगणीच्या शेतकऱ्याच्या बांधावर जाणारा शासनाचा माणूस वेगळ्या खात्याचा आणि त्याने पेरलेल्या वाणाचा निर्माता वेगळ्या संस्थेचा, ही स्थिती तेथून आली आहे.

सहयोगी अधिष्ठात्याचे स्थान

१९८३ च्या कायद्यानुसार राज्यपाल कुलपती, कृषिमंत्री प्रतिकुलपती आणि कुलगुरू हे प्रमुख कार्यकारी अधिकारी असतात. महाविद्यालयाचे प्रमुखपद सहयोगी अधिष्ठाता या नावाने ओळखले जाते. विभागीय संशोधन केंद्राचे प्रमुख सहयोगी संशोधन संचालक असतात. नावांतील साम्य मोठे आहे, परंतु दोघांच्या वाटा भिन्न आहेत: एक अधिष्ठात्यांकडे, दुसरा संशोधन संचालकांकडे जातो. दोघांची गाठ कुलगुरूंच्या पातळीवर पडते.

महाविद्यालयाच्या प्रमुखाने विद्यार्थी निवडावयाचे नसतात, कारण प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. वरिष्ठ अध्यापकांची निवडही त्याच्या हाती नसते. अभ्यासक्रमाची चौकट भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अधिष्ठाता समित्या ठरवतात. उरतात ते वेळापत्रक, वसतिगृह, प्रक्षेत्र आणि रिक्त पदांवरील अतिरिक्त कार्यभाराची वाटणी. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटेल. पण एकाच प्राध्यापकाकडे दोन विभाग आणि वसतिगृह सोपवले की त्याच्या संशोधनाचे पुढे काय होते, हे कोणत्याही महाविद्यालयातील सहकाऱ्यांस सांगावयास नको.

प्रक्षेत्र हा मात्र कृषी महाविद्यालयाचा असा भाग आहे की ज्याची तुलना कला वा वाणिज्य महाविद्यालयाशी होऊच शकत नाही. कोकणात एप्रिल-मे मध्ये राब भाजला जातो, जूनमध्ये रोपवाटिका, जुलैत चिखलणी व आवणी, ऑक्टोबरपासून कापणी. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि नव्या अनुदानाचे वाटप नेमके राब ते आवणी या काळात अडकून राहण्याचा संभव असतो. खत, बियाणे, मजुरी यांस पाऊस थांबत नाही. निविदा मात्र थांबते. ज्या प्रमुखाने फेब्रुवारीत मागणीपत्रे पूर्ण करून घेतली, त्याच्या विद्यार्थ्यास आवणी स्वतःच्या हातांनी करावयास मिळते. ज्याने ती एप्रिलवर टाकली, त्याचे विद्यार्थी आवणी फळ्यावर शिकतात. येथे नेतृत्व या शब्दाचा अर्थ पुष्कळसा पंचांग ओळखण्याचा आहे.

कृषिदूत आणि गाव

विभागलेल्या तीन वाटा पुन्हा एकत्र येण्याची एक जागा अभ्यासक्रमातच आहे. सातव्या सत्रातील ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करतात. महाराष्ट्रात त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमाने त्यास पुन्हा चौकट दिली. हे सत्र खरिपातच येते, ही त्याची जमेची बाजू. परंतु बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांची नोंदवही, माती परीक्षणाचे प्रात्यक्षिक, शाळेतील वृक्षारोपण आणि वृत्तपत्रातील छायाचित्र इतक्यावर कार्यक्रम आटोपतो. गावाची नोंदवही महाविद्यालयात परतते तेव्हा ती कार्यक्रम समन्वयकाच्या कपाटात जाते. कर्जतसारख्या संशोधन केंद्राकडे अथवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ती पाठवण्याची प्रशासकीय वाट आखलेली नसते. पिंपळे सौदागरच्या पाहणीतही अखेर नोंदवह्याच होत्या. त्या एकत्र वाचणारा प्राचार्य होता, एवढाच फरक.

ही वाट आखण्यास नव्या पदाची वा कायदादुरुस्तीची आवश्यकता नाही. सहयोगी अधिष्ठात्याने एकच गाव सलग पाच तुकड्यांना द्यावे, मागील वर्षाची नोंदवही पुढील तुकडीच्या हाती ठेवावी आणि वर्षातून एकदा संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ व कृषी खात्याचे अधिकारी यांना त्या गावातच बोलवावे, इतके त्याच्या आजच्या अधिकारात बसते. अडचण अशी की सहयोगी अधिष्ठात्याची बदली पाच वर्षांच्या आत होऊ शकते आणि प्रभारी व्यक्ती सहसा असे दीर्घकालीन काम अंगावर घेत नाही.

गावेही थांबत नाहीत. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि मॅन यांनी मोजलेल्या शेतांवर निवासी संकुले उभी आहेत. वांगणीतही रेल्वेमार्गालगतच्या भातखाचरांवर इमारतींचे आराखडे पडू लागले आहेत. तेथील धारणक्षेत्राची, विकलेल्या आणि पडीक ठेवलेल्या जमिनीची, आवणीस मजूर न मिळाल्याने सोडून दिलेल्या खाचरांची गावनिहाय नोंद करावयाची असेल, तर ती खाचरे शिल्लक आहेत तोवरच होऊ शकते.